सगळ्यात नवा पहिले बोलते

किस्से कोणी जमा करत नाही बाप्पा, ते आपोआप जमतात! मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जळकी तार कोपऱ्यात टाकत जावं आणि एक दिवस पाहावं, तर ढीग गुडघ्याला लागलेला. तसंच हे.

आमचं दुकान अकोल्यात, जुन्या शहरात. दुकान गजाननचं, खराद म्हणजे लेथ मशीन सलीमभाईचं, आणि मी सगळ्यांचा काकाजी. उभा जन्म तांब्याची तार गुंडाळण्यात गेला. शाळा पाहिली नाही. अक्षरं शिकलो ती मोटारीच्या नेमप्लेटवरून.

दुकानाचा एक कायदा आहे, तो आधी सांगून ठेवतो. मोटार भरून झाली, म्हणजे नवी तार गुंडाळून झाली, चालू केली, की सगळे गप्प. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, अन् आतला आवाज ऐकायचा. मग बोलायचं. पण सगळ्यात नवा माणूस पहिले बोलणार, उस्ताद शेवटी! कारण उस्ताद आधी बोलला, की बाकीच्यांना तेच ऐकू येतं जे उस्तादला आलं.

*

गजानन कारागीर सोन्याचा, पण डोकं तापट. रागात पाना फेकायचा. शेवटी त्याची बायको सुनीता म्हणाली, "तुमी ध्यानाच्या शिबिराले जा, नाही तं मी माहेरी जातो!"

गेला बिचारा. मौनाचं शिबिर. बोलायचं नाही, डोळे मिटून बसायचं. आणि डोक्यावर पंखा, घर्र घर्र! गुरुजी सांगत, "आवाज येईल, त्याला येऊ द्या. जाईल, जाऊ द्या." गजाननच्या कानात पंख्याचा आवाज यायचा, जायचा मात्र नाही! बेरिंग गेलेलं त्याला कसं सहन होणार?

एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर गडी टेबलावर चढला अन् पंखा खोलून बसला. तेवढ्यात गुरुजी आत. गजाननला तर बोलायची बंदी! त्यानं हातवारे करकरून बेरिंग समजावून सांगितलं. गुरुजी पाहत राहिले. मग दार लावून घेतलं, जवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्या खोलीतलाही पाहता का?"

*

शिबिरातून आला तो निराळाच. पाना जागेवर, आवाज खाली. सलीमभाईला काही पटेना. "काकाजी, इसका करंट किधर गया?"

ऐन उन्हाळ्यात शेंदूरजनाघाटचे एक बागाईतदार आले. त्यांची मोटार अजून भरायची होती. माणूस दारातूनच ओरडत आला, "कावून नाही झाली मोटार? संत्रा वायून राहिला माहा!"

आधीचा गजानन असता तर भांडणच पेटलं असतं. हा उठला, खुर्ची दिली, पाणी दिलं. "दादा, बसा. डोळे मिटा. एक लंबा श्वास घ्या."

"श्वास मी घेतो रे बाबा," ते म्हणाले, "पण झाडायले पाणी कोन देईन?"

गजानननं दुकानातली चालू मोटार काढून त्यांच्या गाडीत ठेवली. "तुमची होईपर्यंत ही चालवा." माणूस निघताना गाडीतून ओरडला, "अन् श्वास बी चांगला होता बरं!"

*

मग गजाननच्या मनात भरलं, आपण हेच लोकांना शिकवायचं. हाताचं काम, मनाचं काम, आणि माणसं सांभाळायचं काम, तिन्ही एकत्र. जठारपेठेत लीडरशिप कोचिंगचा क्लास करून आला.

सलीमभाई म्हणाला, "अबे, कोचच्या गळ्यात शिट्टी असते. तुह्या गळ्यात टेस्टर!"

सुनीता मात्र हसली नाही. घर तिलाच चालवायचं होतं. "एक कार्यक्रम करून पाहा. नाही जमला, तं पुन्हा या गोष्टीचं नाव काढायचं नाही." गजानननं मान हलवली. त्या दिवशी त्यानं आणलेला डबा तसाच परत नेला. तेव्हा मला समजलं, याचा जीव कुठं अडकला आहे ते.

*

बोलावणं आलं अमरावतीहून! एक दालमिल. तिथं मालक आणि कामगारांचं पटत नव्हतं. गजानन दुकानात मोटारी समोर मांडून भाषणाची प्रॅक्टिस करू लागला. आणि मे महिन्यात, अकोल्यात, गड्यानं ब्लेझर घेतला! घालून उभा राहिला, घामाच्या धारा.

सलीमभाई मशीन बंद करून धावत आला. "काढ बे तो! वाइंडिंग जळून जाईन तुही!"

*

अमरावतीला मीही सोबत होतो. परतीच्या वाटेत एका गिऱ्हाईकाला छोटी मोटार पोचवायची होती, ती माझ्या थैलीत. ब्लेझर घरीच राहिला.

हॉलमध्ये सगळे हाताची घडी घालून बसलेले. समोर सेठजी. प्रोजेक्टर लागेना. गजानन उभा राहिला, तोंड उघडलं, अन् पाठ केलेलं सगळं साफ! हॉलमध्ये खुसखुस सुरू झाली. सेठजीनं घड्याळ पाहिलं. मी थैलीतली मोटार काढली, टेबलावर ठेवली, वायर लावली, अन् थैलीतलाच पेचकस गजाननच्या हातात दिला.

त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला! "आमच्या दुकानात एक कायदा आहे," तो म्हणाला. "कानाले लावा, ऐका. मोटारीत काय ऐकू आलं ते सांगा, मंग मिलमध्ये काय ऐकू येते ते सांगा. सगळ्यात नवा पहिले. सेठजी शेवटी."

सगळ्यात नवी होती शोभाबाई, डाळ निवडणारी. तिनं ऐकलं. लाजत म्हणाली, "मोटार गोड चालून राहिली. अन् मिलमध्ये... आमची चाळणी फाटेल हाय, कोनी विचारतच नाही."

"चाळणीचं मी..." सेठजी उठले.

"सेठजी, तुमी शेवटी," मी म्हणालो.

बसले! पेचकस फिरू लागला. जो तो बोलू लागला. सेठजी मधे मधे उठायचे, सगळा हॉलच म्हणायचा, "शेवटी!" जेवणाची वेळ टळली, कोणी हललं नाही.

अखेर पेचकस सेठजींकडे आला. मूठ कानाला लावून माणूस डोळे मिटून उभा राहिला. बराच वेळ गेला.

"मले तं काहीच ऐकू येऊन नाही राहिलं," सेठजी म्हणाले.

शोभाबाई तोंडावर पदर धरून बोलली, "सेठजी, तो मोटारीले टेकवा नं पहिले!"

टोक हवेतच होतं! सेठजींनी डोळे उघडून पाहिलं. अन् सगळ्यांच्या आधी तेच हसले. खुर्ची ओढली, टोक मोटारीला टेकवलं आणि म्हणाले, "शोभाबाई, सांगा पुन्हा पहिल्यापासून."

तेवढ्यात गजाननचा फोन वाजला. त्याला भान नव्हतं, मीच उचलला. सुनीता होती. "काकाजी, झाला का कार्यक्रम?"

"नाही वं पोरी," मी म्हणालो, "आत्ताच सुरू झाला!"