दादा आणि बेटम्यापुढची पुलिया

कचेरीत गेलेले माझे यजमान तासाभरात परत आले. चपला न काढता ते उंबऱ्याशी उभे राहिले. "इंदूरहून फोन आला होता. मधुदादा गेले," असं म्हणाले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पुलियावर?"

"नाही गं. घरी. कॉलेजातून आले, चहाला बसले, आणि…"

आज दीड महिना होत आला, तरी तो प्रश्न मला छळतो. सख्खा भाऊ गेल्याचं कळताच मी रडले नाही, पुलियाचं नाव घेतलं. पण आमच्या घरात गेली काही वर्षं कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं हेच विचारलं असतं.

आमचे आजोबा होळकरांच्या चाकरीत, वडील संस्थानाच्या कचेरीत. संस्थान गेलं, मग मध्य प्रदेश झाला, आणि दादा नव्या कॉलेजात रस्तेबांधणी शिकवायला लागला. आईला ते कधी पटलं नाही. "एवढं शिकून सडकेचीच नोकरी?" असं ती म्हणायची. दादा हसायचा. हसरा होता तेव्हा तो. मी लग्न होऊन धारला आले त्या सुमारास इंदूर-धार रस्त्यावर डामर पडत होतं. त्याआधी खड्ड्यांतून, धुळीतून मोटर रांगत यायची आणि वाटेतलं बेटमा येईपर्यंतच हाडं खिळखिळी व्हायची. डामर झालं तेव्हा आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. एकट्या दादाला तो झाला नाही.

बेटम्याच्या पुढे रस्ता उताराला लागतो, तिथे एक वळण आहे आणि वळण संपतं तिथेच नाल्यावरची जुनी पुलिया. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी अरुंद, कठडे गुडघ्याएवढे. रस्ता नवा झाला, पुलिया जुनीच राहिली. दादा वर्गातल्या मुलांना घेऊन तिथे जायला लागला. दोन मुलं झेंड्या घेऊन अंतरावर उभी राहायची, तिसऱ्याच्या हातात स्टॉपवॉच. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा वेग मोजायची. एकदा धारला येताना मी मोटरीतून त्यांना पाहिलं. भर उन्हात दादा टोपी घालून रस्त्याकडेला उभा होता. मी हात केला, पण त्यानं पाहिलंच नाही. तो आमच्या गाडीच्या चाकांकडे बघत होता.

त्या रविवारी तो धारला जेवायला आला आणि पानावर बसल्या बसल्या म्हणाला, "कुसुम, तिथे होणार आहे."

"काय होणार आहे?"

"पहले खड्डे होते, तर गाड्या आपोआप हळू यायच्या. अब कोई रुकता नहीं. डामर थेट त्यांना कठड्यावर नेऊन सोडतंय." मग त्यानं वरणाची वाटी पुढे ओढली. माझं माहेर त्याच रस्त्याच्या त्या टोकाला होतं.

तो बांधकाम खात्यातल्या एका साहेबांना जाऊन भेटला. वळणाआधी मोठा फलक लावा, उतारावरच गाडी हळू होईल असं काही करा, पुलिया रुंद होईपर्यंत तरी. साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "प्रोफेसर साहब, पहले आप लोग सड़क के लिए रोते थे. अब बन गई, तो भी रोते हो?" वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी जरा हसलोही. बोलणंच तसं होतं. दादा बाहेरच्या खोलीत होता. त्याला ऐकू गेलं असणार…

लग्नसराईत एका दुपारी ते झालं. धारकडे येणारी भरलेली मोटर वळणावर आली, समोरून बैलगाडी पुलियावर चढलेली. ड्रायव्हरनं ती वाचवली आणि मोटर कठडा तोडून नाल्यात गेली. नाला कोरडा होता, नुसते दगड. किती गेले ते मला लिहवत नाही. आमच्या गल्लीतली एक नवी नवरी त्यात होती, माहेरपणाहून परतणारी. दादा बातमी कळताच तिथे गेला. लोक माणसं काढत होते, त्यांत हाही उतरला. घरी आला तेव्हा सदरा रक्तानं माखलेला, आणि वहिनीला म्हणाला, "मला माहीत होतं गं." दुसरं काही नाही. पुढे कितीतरी दिवस एवढंच.

ड्रायव्हर वाचला होता. रामसिंग नाव, हातोदकडचा. पाय गेला होता आणि वर खटला. भरधाव चालवली, सगळी चूक त्याची, असं सगळेच म्हणत होते. नवरीचा बापही. दादानं मात्र, दोष रस्त्याचा आहे, अशी त्याच्या बाजूनं साक्ष दिली. नोकरी सांभाळ, असं कॉलेजातल्या थोरांनी सुचवून पाहिलं होतं. आमच्या गल्लीत काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "तर मग ड्रायव्हर चुकलाच नाही, असं म्हणणं आहे आपलं?" दादा म्हणाला, "चुकला. माणूस चुकणारच. सड़क ऐसी होनी चाहिए कि चुकलेला माणूस घरी पोचेल."

रामसिंग सुटला. दादाला आनंद झाला नाही. कारण पुलियाला फक्त नवा कठडा बांधला, वर चुना फासला, आणि रस्ता पुन्हा सुरू झाला. त्यानंतर दादा वर्गात शिकवायचा, मुलांना तिथे न्यायचा, पण त्याचं हसणं संपलं. दिवाळीत भेटलो ती शेवटची भेट. निघताना मी म्हटलं, "आता विसर रे ते." तो म्हणाला, "गाड्या वाढल्यात, कुसुम. वेगही वाढलाय. एक बार और होगा… मला ते बघायला लागू नये, एवढंच."

तेवढं मात्र त्याच्या मनासारखं झालं.

दादाचे दिवस झाल्यावर मी इंदूरहून एकटीच धारला परत निघाले. मला मोटरीत बसवायला नेहमी दादा यायचा. आधी माझी पिशवी ठेवायचा, मग ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन त्याचं नाव विचारायचा, बिडीला काडी द्यायचा आणि म्हणायचा, "भिया, बहन बैठी है हमारी. पुलिया पे संभाल के." मला तेव्हा लाज वाटायची. त्या दिवशी मी पिशवी ठेवली आणि स्वतःच खिडकीपाशी गेले. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता, मिसरूड फुटलेलं.

"भिया, वो पुलिया पे ज़रा…"

"कौन-सी पुलिया, बाईजी? मैं तो इस लाइन पे आज ही आया हूँ."

मागे मोटर भरत चालली होती. एक बाई तान्हं मूल घेऊन चढत होती. मी तिला माझी मागची जागा दिली आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर जाऊन बसले. बेटमा मागे पडलं, उतार लागला, तसा मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.