ज्योतीरामची पाचर

कामावर आपल्याला झोप लागत नाही, हे ज्योतीराम इतक्यांदा सांगून चुकला होता की चिखलीच्या त्याच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ झालं होतं. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर होता. बारा वर्षं झाली लातूर सोडून. नाइट शिफ्ट असो, ओव्हरटाइम असो, गडी डोळे टक्क उघडे ठेवून उभा. हात बसलाय आपला, असं तो म्हणायचा, आणि ऐकणाऱ्यालाही ते पटायचं.

त्या दिवशी नाइट शिफ्ट संपल्यावर सुपरवायझर दादासाहेबांनी त्याला सकाळच्या शिफ्टलाही थांबायला सांगितलं. एरवी तो आनंदाने थांबला असता. पण पोरीला घेऊन निगडीला जायचं होतं, म्हणून त्याने आपल्या जागी मेव्हण्याला, नवनाथला उभं केलं. नवनाथही रात्रभर शेजारच्याच मशीनवर होता, पण पोरगा काटक. दाजींनी सांगितलं म्हणजे झालं.

निगडीला जायचं कारण प्राजक्ता. पाचवीत शिकणारी ही पोर वाचता वाचता मधेच थांबते, कुठेतरी बघत बसते, अशी बाईंची तक्रार होती. शाळेतल्या समुपदेशकांनी निगडी प्राधिकरणातल्या साने मॅडमचा पत्ता दिला. मॅडमनी फोनवर समजावलं होतं, की आधी मेंदूचा नकाशा काढायचा. डोक्याला तारांची टोपी घालून आतल्या लहरी टिपायच्या आणि मग सराव कसला द्यायचा ते ठरवायचं. सराव म्हणजे पडद्यावर चित्रपट बघायचा. लक्ष टिकलं की चित्र स्वच्छ दिसतं, भरकटलं की अंधुक होतं. येताना केस धुऊन या, तेल अजिबात नको, हेही त्यांनी बजावलं होतं.

ज्योतीरामच्या बायकोने, विजयश्रीने, ते ऐकलं होतं. पण लेकीला डॉक्टरसारख्या माणसासमोर भुरभुरत्या केसांनी न्यायची? लोक काय म्हणतील? तिने केस धुतले आणि मग वाटीभर खोबरेल जिरवून दोन घट्ट वेण्या घातल्या. एवढं तेल की कपाळावर ओघळ आला होता.

साने मॅडमनी वेणीला बोट लावलं आणि मान हलवली. तेलावरून लहरी नीट येत नाहीत, आज पोरीचा नकाशा व्हायचा नाही. त्यात ती टोपी बघून प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखत नाही हे तिला दिसावं म्हणून मॅडम म्हणाल्या, आज पप्पांनाच बसवू या. ज्योतीरामचं डोकं बारीक कापलेलं, नुकतंच साबणाने खसखसून धुतलेलं. तो हसत हसत खुर्चीत बसला.

मॅडमनी टोपी चढवली, तारांखाली गार मलम भरलं आणि त्याच्या हातात एक बटण दिलं. पडद्यावर हिरवा दिवा लागला की दाबायचं, बस. समोर कॅमेरा चालू होता. ज्योतीरामला मनातून हसूच येत होतं. बटण दाबायचं काम आणि ते ज्योतीरामला!

काम संपल्यावर तो उठायला लागला, तर मॅडमनी त्याला बसून राहायला सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला होता. त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्र लावलं. त्याखाली लहरींच्या रेघा सरकत होत्या. चित्रात ज्योतीराम डोळे उघडे ठेवून ताठ बसला होता आणि अंगठा बटणावर पडत होता, ठेक्यात, एकसारखा. पण दिवा लागल्याची खूण त्या रेघांवर कुठेच नव्हती.

"या रेघा बघा," मॅडम म्हणाल्या. "इथे तुम्ही झोपलाय. इथेही. काही सेकंदच, पण झोप आहे."

"मॅडम, मी जागाच होतो की."

"तुम्हाला तसंच वाटणार."

ज्योतीरामने ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. आपलाच चेहरा, आपलेच डोळे, आणि आत कुणी नाही. एवढ्यात प्राजक्ता सहज बोलून गेली.

"पप्पा घरी पण असेच बसतात. मी वाचताना मधेच थांबून बघते, तरी ते हं, हं करतात."

विजयश्रीने तोंडाला पदर लावला. मॅडमनी मग सावकाश सांगितलं, की एवढ्यावरून मी आजाराचं नाव घेणार नाही, पण लक्षाचा सराव तुमच्यासाठी नंतरची गोष्ट, आधी झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. आज गाडी चालवू नका. आणि मग त्यांनी साधा प्रश्न विचारला, की तुम्ही काम काय करता.

ज्योतीराम उत्तर द्यायला गेला आणि त्याला आपलं मशीन आठवलं. मशीन जुनं, त्याला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी दोन्ही दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येत नाही. हात बाहेर राहावेत म्हणूनच ती सोय. पण त्यात वेळ जातो, म्हणून ज्योतीरामने सागवानाची एक पाचर तासून घेतली होती. ती डाव्या बटणात ठोकली की बटण दाबलेलंच राहतं, उजव्याने मशीन चालवायचं, डाव्याने पत्रा आत सरकवायचा. अख्खी लाइन त्याच्याकडून ही युक्ती शिकली होती. आणि आज ती पाचर बटणात तशीच होती, रात्रभर जागलेल्या नवनाथच्या डाव्या हाताशी.

त्याने बाहेर येऊन फोन लावला. नवनाथचा फोन लॉकरमध्ये वाजत राहिला असणार. मग दादासाहेबांना लावला. मशीन थांबवा, त्याला बाजूला करा, असं तो सांगत सुटला. दादासाहेब हसले.

"राव, झोपेत बोलतोय का? हा समोर दिसतोय नवनाथ. डोळे टक्क उघडे आहेत त्याचे."

उघड्या डोळ्यांची किंमत ज्योतीरामला नुकतीच कळली होती. बायको आणि लेक तिथेच राहिल्या. तो मिळेल त्या रिक्षात बसला. तळवड्याच्या चौकात कंटेनर अडकलेला, रिक्षा जागची हलेना. तो नवस बोलत होता, स्वतःला शिव्या देत होता आणि मधेच आपण आत्ता तरी जागे आहोत का, म्हणून मांडीला चिमटा काढत होता.

वॉचमन ओळखीचा होता, त्याने अडवलं नाही. ज्योतीराम शेडमध्ये धावत शिरला. नवनाथ मशीनपुढे ताठ उभा होता. उजवा हात बटणावर पडत होता, डावा आत जात होता, बाहेर येत होता, साचा धाडकन खाली बसत होता. ज्योतीरामने हाक मारली. दुसरी मारली. नवनाथने मान वळवली नाही. जवळ गेल्यावर ज्योतीरामला दिसलं, की पत्र्यांची चळत केव्हाच संपली होती. डावा हात रिकामाच आत जाऊन येत होता.

त्याने लाल बटणावर मूठ आपटली. मशीन वरच्या वर थांबलं.

दादासाहेब केबिनमधून बाहेर आले आणि रिकामी चळत बघून जागीच उभे राहिले. ज्योतीरामने नवनाथचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. एकदा मोजून खात्री पटेना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. बोटं सगळी होती. मग त्याने बटणातली पाचर उपसली.

नवनाथने डोळे मिचकावले आणि त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"काय झालं दाजी?" तो म्हणाला. "मी जागाच होतो की."