दवाखान्याचे दवाखान्यात

दिवेआगरपासून कोसभर अंतरावरच्या एका गावच्या दवाखान्यात शिवदास कंपाउंडर १९४९ साली रुजू झाला आणि त्याच आठवड्यात त्याने पहिला अर्ज केला: रुग्णांची नोंदवही ज्या कपाटात असते त्याला कुलूप नाही, ते मिळावे. नऊ वर्षांत असे अकरा अर्ज त्याने वरच्या कचेरीकडे धाडले. उत्तर एकदाच आले; त्यात कपाटाची लांबी-रुंदी विचारली होती. तेव्हापासून त्याने आपले तोंड हेच कुलूप मानले.

कुलपाची गरज होतीच. सोयरीक ठरवण्यापूर्वी मुलीकडचा नाहीतर मुलाकडचा एखादा वडीलधारा औषधाच्या खिडकीशी येऊन हळूच विचारी, "त्या घरची बाटली इथं येते का?" अशी त्या गावची रीतच होती. शिवदासची उत्तरे दोनच. त्या घरचे कोणी कधी आलेच नसेल, तर "त्या घरचे पाऊल इथे पडलेले नाही." आले असेल, तर चष्मा पुसत, "दवाखान्याचे दवाखान्यात." आपल्या तोंडून आजवर एकही गुपित फुटले नाही, याचा त्याला फार अभिमान होता, गावाच्या चोंबडेपणाविषयी मात्र तो रोज जेवताना कडवट व्याख्यान देई.

१९५८ साली त्याच्या मुलीचे, काशीचे लग्न दिघीच्या धर्माजीच्या मुलाशी, चंदरशी जमले. साखरपुड्याला तीन दिवस उरले असताना डॉक्टरांच्या खोलीतून एक चिठ्ठी खिडकीवर आली. नाव वाचून शिवदासचा हात बरणीवरच थांबला. चंदर धर्माजी, वय चोवीस. बसण्याच्या जागी गळू.

समोर मान खाली घालून जावई उभा होता. डॉक्टर त्या बाजूला एवढाच एक, आणि ठणका असह्य, नाइलाज होता.

"मामा, घरी..."

"मी चिठ्ठी वाचतो, माणूस वाचत नाही," शिवदास म्हणाला आणि मलम बांधून दिले.

संध्याकाळी उंबऱ्यातच पत्नीने, आवडाबाईने गाठले. "अवो, चंदर आला व्हता म्हनं दवाखान्यात? कशाला?"

"दवाखान्याचे दवाखान्यात."

आवडाबाईच्या हातातली पळी खाली पडली. "म्हंजे मोठं कायतरी हाय!"

"मी काही बोललोच नाही!"

"तेच तर! रंगूच्या येळेस असंच बोललाव, सोयरीक मोडली. तुळशीच्या येळेस 'पाऊल न्हाय' बोललाव, लगीन झालं. सगल्या गावाला ठाव हाय. न्हाय ते एकट्या तुमाला!"

शिवदास भिंतीला टेकला. शेजारची रंगू दवाखान्यात आली होती ती खाडीत कालवणासाठी तिसऱ्यांचे शिंपले वेचताना त्यातलाच एक तळपायात घुसला म्हणून. आणि त्याच्या बाणेदार मौनाने तिचे लग्न मोडले होते! आता 'गळू' एवढा एक शब्द उच्चारला असता तर काशीचे वाचले असते. शब्द ओठांपर्यंत आलाही. पण रंगूच्या बापासाठी जे तोंड उघडले नाही, ते स्वतःच्या मुलीसाठी उघडायचे? त्याने तो शब्द भातासकट गिळला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने दोहोंपैकी एक उत्तर कायमचे बंद केले. कोणी कोणाविषयीही विचारो, दवाखान्याचे दवाखान्यात. तिसऱ्या दिवशी गावातला म्हातारा दयाराम काठी आपटत आला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्याने औषधाचा थेंब घेतला नव्हता, पण आदल्याच दिवशी कोणीतरी त्याच्या घराविषयी खिडकीशी विचारून गेले होते.

"कंपाउंडर, सगला गाव माझ्याकडं बघून हळहळतो! मला काय झालंय ते मला तरी सांगा!"

चौथ्या दिवशी साखरपुडा. पाट मांडले, चंदर पाटाशेजारी उभा राहिला.

"बसा, जावयबापू."

"उभाच बरा हाय."

बायका कुजबुजल्या. धर्माजी गोंधळून म्हणाला, "याहीबुवा, तुमी औषध दिलाव. पोर मला पन सांगत न्हाय. काय झालंय त्याला?"

सगळ्या माना शिवदासकडे वळल्या. दाराआडून काशी बघत होती. त्याने चष्मा काढला. तो पुसला.

"दवाखान्याचे दवाखान्यात."

"मंग साखरपुडा ऱ्हाऊ दे," आवडाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

चंदर कानापर्यंत लाल झाला. "गळू हाय!" तो ओरडला. "बसायच्या जागी गळू झालंय, आनखी कायपन न्हाय!"

सर्वांत आधी हसली ती रंगू. "मंग माझं पन आयका! पायात शिंपला घुसला व्हता, शिंपला! आता कुनाला माझा पाय बघायचा हाय?"

हशा ओसरेपर्यंत काशीने आतून गोधडीची चौघडी करून पाटावर टाकली. चंदर एका अंगावर कसाबसा टेकला. साखर वाटली गेली.

आवडाबाई नवऱ्याजवळ सरकली. "अवो, पन खरंच गळूच ना?"

शिवदासने चष्म्याला हात घातला. "दवाखान्याचे..."

"कळलं," ती म्हणाली आणि मूठभर साखर त्याच्या तोंडात कोंबली.