क्लेम डग्डेलचा पुढचा दात

मेंढीचा ओठ दोन बोटांनी मागे सारायचा, खालच्या दातांवरून वय ताडायचं आणि "चार दाती" म्हणून पुढच्या मेंढीकडे वळायचं, यात क्लेम डग्डेलचा हात धरणारा अख्ख्या वॉरूकमध्ये कुणी नव्हता. गावच्या मेंढीबाजारात लिलाव पुकारण्यात त्याची हयात गेलेली. दात झिजला, हलला, पडला, की जनावराची किंमत कशी उतरते, हे तो नवख्या शेतकऱ्यांना असं ठासून सांगायचा की ऐकणारा आपोआप तोंड मिटून घ्यायचा. स्वतः क्लेमही हल्ली जरा मिटूनच असायचा. त्याच्या वरच्या पुढच्या दाताला आतल्या बाजूने काळी खिडकी पडली होती.

खिडकीची पहिली वर्दी थंडगार बिअरने दिली. कळ थेट कानशिलात. दुसरा कुणी असता तर तडक दाताच्या डॉक्टरकडे गेला असता. पण क्लेम पडला हुशार. त्याने आधी दातांचा विमा उतरवला.

"तपासणी लगेच करता येईल, मिस्टर डग्डेल, वर्षातून दोनदा, अगदी मोफत," फोनवरची मुलगी साखरेत घोळून बोलली. "फिलिंगसाठी दोन महिने थांबावं लागेल. आणि कॅप किंवा नकली दातासाठी वर्षभर. आणखी काही मदत करू शकते का मी आपली?"

क्लेमच्या कानात 'कॅप' आणि 'वर्षभर' एवढंच शिरलं. लिलाववाल्याचा कान तो. सगळ्यात मोठी बोली सोडून त्याला दुसरं काही ऐकूच येत नाही.

"मग उद्या दाखवून ये," बायको म्हणाली. तिचं नाव नेरिडा. "फुकट आहे ना?"

"अगं, दाखवलं की कारभार आटोपला. लिहून ठेवतील, दात आधीपासूनच किडका. वर्षाने कॅप मागायला गेलो की म्हणतील, काय रे चोरा, आजारी दात घेऊन आत घुसलास?"

"तुझ्या एका दातासाठी मेलबर्नमध्ये कुणी दुर्बीण लावून बसलेलं नाहीये."

"तुला नाही कळायचं. विमावाले आहेत ते."

तर बेत असा ठरला. वर्षभर दात कुणाला दाखवायचा नाही, जिवापाड जपायचा आणि मुदत भरली की वर झकास कॅप चढवायची. मधे वसंतातला एडक्यांचा मोठा लिलाव होता, तोवर दात टिकायलाच हवा होता. पुढचा दात गेला की तोंडातून हवा जाणार, आणि हवा जाणाऱ्या माणसाला बोली पुकारायला कोण उभं करतो?

जपणूक सुरू झाली. मटणाचा चॉप डाव्या दाढेखाली, तोही मान वाकडी करून. सफरचंद वर्ज्य. भाच्याच्या लग्नाच्या फोटोत ओठ असे घट्ट मिटलेले, की पाहुणा लग्नाला आलाय की मयताला, हे ठरवणं कठीण. आणि कहर म्हणजे त्या दाताला ब्रश लावणंही बंद. उगाच धक्का लागायला नको.

"मान आखडली काय रे तुझी?" वॅली खाटकाने विचारलं.

"वारं लागलं."

"तोंडाला?"

क्लेम मान तशीच वाकडी ठेवून पुढे निघाला. हसायचीही सोय नव्हती.

मोठ्या लिलावाचा दिवस उजाडला तेव्हा मुदत संपायला तीनच आठवडे उरले होते. बायकांनी चहाचं टेबल मांडलं होतं. क्लेमने मुद्दाम लॅमिंग्टन उचललं. खोबऱ्यात लोळवलेला तो मऊ केक बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्याही खातात. दात मोडून त्यातच राहिला. दाताचा तुकडा खिशात घालून क्लेम कोंडवाड्यावरच्या फळीवर चढला आणि पुकारू लागला.

"सहाशे, सहाशे साठ..."

'स' आला नाही. त्याच्या जागी लांबलचक शिट्टी आली. कुंपणाशी पडलेले, शिट्टीच्या इशाऱ्यावर मेंढ्या हाकणारे गस मेंढपाळाचे दोन कुत्रे ताडकन उठले. "सहाशे सत्तर" म्हणताच ते निघालेच. फाटक नुसतं टेकवलेलं होतं. विकायला काढलेले एडके एका रांगेत, अगदी शिस्तीत, चहाच्या टेबलाकडे चालू लागले.

"शिट्टी नको मारू, क्लेम," गस खालून ओरडला.

"मी नाही मारत, शहाण्या."

'शहाण्या'तल्या शिट्टीला कुत्रे उजवीकडे वळले. एडकेही वळले. क्लेमने विचार केला, बिनशिट्टीचा आकडा सांगावा. "हजार," तो म्हणाला. हजाराला कोण बोलतो? सगळे शेतकरी आभाळाकडे बघायला लागले.

शेवटी गस फळीवर चढला आणि काही न विचारता दोन बोटांनी क्लेमचा वरचा ओठ वर केला. सगळा बाजार माना उंचावून बघू लागला. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं? क्लेमने घसा खाकरला.

"पुढचा माल," तो गरजला. "म्हातारा एडका. दात गेलेला, अक्कल कधी आलीच नव्हती. बोला."

"चारा कोण घालणार?" वॅलीने विचारलं. बोली कुणीच लावली नाही. लिलाव गसने कसाबसा उरकला.

दुसऱ्या दिवशी नेरिडाने त्याला डॉक्टर लिन्हच्या खुर्चीत नेऊन बसवलं.

"वर्षापूर्वी आला असतात तर एवढंसं फिलिंग होतं," डॉक्टर म्हणाली. "दोन महिन्यांनंतर तर विम्यातच झालं असतं."

"पण तुम्ही लिहून ठेवलं असतंत, किडलाय म्हणून."

"लिहिलं असतं की. किडक्याच दातांना फिलिंग करतो आम्ही. आणि याला ब्रश का नाही लावलात?"

"पडेल म्हणून."

डॉक्टर भिंतीकडे वळली. बराच वेळ तिला तिथलं कसलं तरी औषध सापडेना. खांदे मात्र हलत होते. मग वळून तिने सांगितलं की मूळ काढावं लागेल, शेजारच्या दोन दातांचीही कीड आताच थांबवायला हवी, आणि नकली दात बसवायचा.

"तो विम्यातून हवा असेल तर अजून तीन आठवडे आहेत," ती म्हणाली. "थांबता का?"

तीन आठवडे. शिट्टी वाजवत, घरात तोंड लपवत, दर गुरुवारचा मेंढीबाजार गसच्या हवाली करून. क्लेमने दाराशी उभ्या नेरिडाकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"नको," तो म्हणाला. "माझ्या पैशांनी बसवा. थांबायला लावलं की मी काय करतो, ते पाहिलंत ना तुम्ही."