दाराची करकर

कॉलेजसाठी भुताचा ट्रेलर करायचा म्हणून आम्ही ढीगभर ट्रेलर पाहिले आणि एकच गोष्ट शिकलो. भूत नंतर येतं, आधी दार करकरतं. तसं दार तळवड्यातल्या एका बंद शेडला सापडलं. किल्ली शेजारच्या वर्कशॉपात लेथ चालवणाऱ्या काकांकडे असायची. ते बोलताना चिंधीला हात पुसत राहायचे, पण कान मशीनकडे. आवाज जरा बदलला की वाक्य अर्धवट टाकून तेलाची बुधली घेऊन उठायचे.

शूटिंगच्या सकाळी दार उघडलं, तर जराही आवाज नाही.

"लय बोंबलत व्हतं," काका खुशीत म्हणाले. "बिजागऱ्यांना ग्रीस लावलं. तुमी पावणे, तुमाला तरास कशापायी?"

इतक्या मायेने कुणी वाट लावली तर चिडणार तरी कसं? आम्ही करकर दुसरीकडून मिळवली.

ट्रेलर त्यांना मोबाइलवर दाखवला. करकर ऐकून माझी मैत्रीण पुन्हा दचकली. काका मात्र कळवळले. "कुणाचं दार हाय हे? पत्ता दे. उद्या गुरुवार, सुट्टीच हाय. तेल घालून येतो."

मी पत्ता दिला नाही. तो आवाज त्यांच्याच स्कूटरच्या स्टँडचा होता.