न झालेली नोंद

"डेटाबेसला प्रश्न विचारलास, पण उत्तर ऐकलंस का?" पहिल्या नोकरीत माझ्या वरिष्ठ बाई म्हणाल्या होत्या. मैत्रिणींनो, आज ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

एका दूध संस्थेसाठी जनावरांच्या डॉक्टरांना बोलवायचं पान मी पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलंय. माहिती डेटाबेसात खरंच गेली का, हे तपासणारी ओळ मात्र मी लिहिलीच नव्हती. काहीही झालं तरी पडद्यावर यायचं, "नोंद झाली, डॉक्टर येत आहेत."

आज सकाळी गडमुडशिंगीतल्या एका आक्कांची म्हैस विताना अडली. त्यांनी मोबाईल नंबर +९१ लावून भरला. तो रकान्यात मावला नाही आणि नोंद झालीच नाही. "डॉक्टर येत आहेत" एवढं मात्र दिसलं.

पानाखाली माझा नंबर आहे. दुपारी त्यांचा फोन आला.

"बाई, डॉक्टर येतोय म्हणून लिवलंय की! म्हणून दुसऱ्याला बोलवलं न्हाय. रेडकू गेलं."

"आक्का, चूक माझी आहे."

"व्हय, तुझीच हाय." फोन बंद.

ती ओळ आता लिहिली. चहा गार व्हायच्या आत झाली, याचीच जास्त लाज वाटते.

आक्का, कुणी हे तुम्हाला दाखवलं तर सांगा, उद्या म्हशीला बघायला गोठ्यावर येऊ का? "येऊ नको" म्हणाल, ठाऊक आहे. तरी विचारते.