विचारायचं कुणाला

दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर एकत्र आल्या की चहा निवून जातो आणि किस्से संपत नाहीत. एकीनं सांगितलं की दुसरीला तिचा आठवतो. माझे बहुतेक सत्तर सालानंतरच्या सात-आठ वर्षांतले. जालन्यात वीस कॉटांचा एक दवाखाना होता. मी बदनापूरहून रोज रेल्वेनं यायचे. डॉक्टर एकच, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. वॉर्डात मदतीला रहीममामू. ऑक्सिजनचा सिलिंडर एक. आणि पेशंट बेशुद्ध पडला, की पुढं काय करायचं हे त्यानं आधी लिहून ठेवलंय, असं आम्ही तरी कधी पाहिलं नाही. मग साहेब कॉटजवळ जो उभा असेल त्याला विचारायचे, "ह्यांना स्वतःला काय आवडलं असतं?"

एक रिटायर गुरुजी आले होते. लकवा झालेला, शुद्ध नाही, नाकात नळी. दोन मुलं. थोरला म्हणे, घरी नेऊ. धाकटा म्हणे, शेवटपर्यंत इलाज करू. दोघांचं व्हरांड्यात भांडण. साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तर दोघं पुन्हा आपापलंच सांगायला लागले. मग साहेब खाली बसलेल्या गुरुजींच्या बायकोकडं वळले. "आई, तुम्ही सांगा."

त्या बाईनं पदर सावरला. म्हणाली, "पन्नास वर्षांत मला ह्या घरात कुणी काही इचारलं न्हाई. आता एकदम हेच इचारून राह्यले का?"

साहेबांनी स्टूल ओढलं आणि बसले. म्हणाले, "सावकाश सांगा."

"रविवारी पोरगी येणार नागपूरहून. तवर राहू द्या."

पोरगी रविवारी आली. गुरुजी सोमवारी गेले. मुलांनी पुन्हा वाद घातला नाही.

तीर्थपुरीचे एक म्हातारबा होते, ताप मेंदूत गेलेला. साहेबांनी चार दिवस सलाईन लावलं, पाचव्या दिवशी घरच्यांना बाजूला घेतलं. "आता तासांचा प्रश्न आहे. घरी न्यायचं असेल तर न्या." घरच्यांनी सलाईन काढायला सांगितलं, जीप आणली, रडत रडत घेऊन गेले.

दीड महिन्यानं ओपीडीत डोक्याला फेटा, हातात काठी, म्हातारबा स्वतः हजर. "मी मरतो असं कोण म्हणलं व्हतं?"

साहेब म्हणाले, "मीच."

"मंग तुम्हीच तपासा. दुसऱ्याकडं कशाला जाऊ."

त्यानंतर साहेबांनी "तास" हा शब्द वापरणं सोडलं. फार तर म्हणायचे, "मला वाटतंय ते असं आहे. मी चुकू शकतो."

सिलिंडरची गोष्ट वेगळी. कापड रंगवणारे एक चाचा दम्यानं आलेले, मास्क त्यांना लावलेला. तेवढ्यात बैलगाडीतून एक बाळंतीण आणली. झटके येऊन निळी पडलेली. साहेब दोन कॉटांच्या मधे उभे राहिले. मी त्यांना इतका वेळ नुसतं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. चाचांचा मास्क काढा, असं तोंडानं म्हणवेना.

चाचांनी ते पाहिलं आणि मास्क स्वतःच उतरवला. "उधर ले जाओ."

त्यांचा मुलगा पुढं आला. "अब्बा, अपना नंबर पहले लगा था."

चाचांना धड बोलता येत नव्हतं. दोन दमात म्हणाले, "ये क्या... राशन की लाइन है?"

मामूनं सिलिंडर ढकलत नेला. चाचांना आम्ही इंजेक्शनं देत राहिलो. दुपारपर्यंत त्यांचा जीव जातो की राहतो असं चाललं. बाळंतीण वाचली. चाचाही वाचले, आणि पुढं चार वर्षं दर थंडीत येत राहिले. आल्या आल्या आधी विचारायचे, "सिलिंडर भरा है ना?"

बसस्टँडवर बेशुद्ध सापडलेला एक माणूस. चाळिशीचा असेल. खिशात काही नाही, डोक्याला मार. श्वास थांबत होता, म्हणून रबरी पिशवी दाबून हवा द्यायची. सकाळपासून मी आणि मामू आळीपाळीनं दाबत होतो. चारच्या सुमाराला साहेबांनी त्याचे डोळे तिसऱ्यांदा तपासले. म्हणाले, "थांबायला पाहिजे. पण नातेवाइकाला सांगितल्याशिवाय मी कधी थांबलो नाही. सांगू कुणाला?"

पिशवी मामूच्या हातात होती. तो म्हणाला, "मला सांगा."

साहेब त्याच्यासमोर नीट उभे राहिले, आणि घरच्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगितलं. मेंदू गेलाय, श्वास आपण देतोय, तो घेत नाही. मामूनं पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "इनको तकलीफ हो रही क्या?"

"नाही."

"तो रुकते."

त्यानंतर तीन दिवस मामू कामावर आला नाही. चौथ्या दिवशी रजेचा अर्ज आणला. कारण लिहिलं होतं, घरात मयत. साहेबांनी सही केली. कुणाची मयत, ते विचारलं नाही.

आता गयाबाईंचं सांगते. घनसावंगीकडची म्हातारी. लकव्यानं वाचा गेली, गिळता येईना, पण डावा हात चालायचा आणि डोळ्यांत ओळख होती. नाकातून नळी घालून दूध द्यायचो. ती नळी उपसून टाकायची. मी पुन्हा घालायचे, ती पुन्हा काढायची. साहेबांनी तिला विचारलं, "नको का?" तिनं मानेनंच हो म्हटलं. पण मुलगा कळवळून म्हणाला, "तिला काय समजून राह्यलंय साहेब? आई उपाशी मरल माझी. हात बांधा." सून कोपऱ्यात उभी होती.

साहेब पेन हातात धरून थांबले, आणि मग केसपेपरवर लिहिलं, हात बांधावा. पट्टीनं मी बांधला. बांधेपर्यंत ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

दोन दिवस दूध गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आले, तर नळी बाहेर. गुंडाळून स्टुलावर ठेवलेली. हात मात्र बांधलेलाच. मुलगा माझ्यावर ओरडला. सुनेनं आपण हात लावला नाही अशी शपथ घेतली. मामू म्हणाला, मी तर आत्ताच आलो. साहेब त्या दिवशी लवकर आले होते. त्यांनी गयाबाईंचं नाक तपासलं आणि मुलाला म्हणाले, "आतून सुजलंय. आता घालता येणार नाही. हात सोडा."

पुढं ती तीन दिवस होती. सून कापडानं तिचे ओठ ओले करायची, आणि ती मोकळ्या हातानं सुनेच्या बांगड्या चाचपत राहायची. मुलगाही शेवटी पायाशी येऊन बसला. झोपेतच गेली.

हात सोडायला मी गेले होते, तेव्हाचं सांगायचं राहिलं. मी पट्टीला सरकगाठ मारते, ओढली की सुटते. ही ओढली तर सुटेना. वाकून पाहिलं. टाके घालताना मारतात ना, दोन वेढे देऊन, तशी गाठ होती. घरची माणसं तशी मारत नाहीत, मामूही नाही.

मी कात्रीनं पट्टी कापली आणि एप्रनच्या खिशात टाकली. साहेब टेबलावर केसपेपर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "सिस्टर, नळी कशी निघाली?"

मी म्हणाले, "कळलं नाही, साहेब."

"बरोबर," ते म्हणाले. "तसंच लिहितो."